गव्हाचं पान, क्लोरोफिल मीटर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गव्हाच्या खतांवर लिहिताना क्लोरोफिल मीटरचा उल्लेख मी चार ओळींत उरकला होता, की हे यंत्र चिमट्यासारखं पानाला लावायचं, आकडा येतो आणि त्यावरून नत्राचा अंदाज बांधता येतो. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच देतोय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून काही एकत्र केलेत.

प्रश्न : हा मीटर पानातलं नत्र मोजतो का? दुकानात तर "नायट्रोजन मीटर" असंच सांगतात.

नाही, नत्र मोजत नाही, हिरवेपणा मोजतो, आणि हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा मीटर म्हणजे एसपीएडी. तो पानातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार सोडतो, एक ६५० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा, जो डोळ्याला दिसत नाही. लाल प्रकाश हरितद्रव्य, म्हणजेच क्लोरोफिल, शोषून घेतं, ९४० चा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे दुसरा प्रकाश पानाच्या जाडीचा हिशोब सांभाळतो आणि दोन्हींची तुलना करून यंत्र एक आकडा दाखवतं. त्या आकड्याला एकक नाही, म्हणजे मिलिग्रॅम नाही की टक्के नाही, नुसता आकडा. आणि हे सगळं होतं फक्त २ बाय ३ मिलिमीटरच्या खिडकीत, गव्हाच्या दोन दाण्यांएवढीही ती जागा नसते.

मग नत्राचा संबंध कुठे येतो? हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती नत्राचे चार. पण खरं कारण ते नाही, कारण हरितद्रव्यात स्वतःत पानातल्या एकूण नत्राचा अगदी छोटा वाटा असतो. खरं कारण असं की पानातलं साधारण पाऊण नत्र हरितलवकात, म्हणजे जिथे प्रकाशसंश्लेषण चालतं तिथल्या प्रथिनांमध्ये गुंतलेलं असतं, आणि झाड ही प्रथिनं आणि हरितद्रव्य जोडीजोडीने बनवतं, नत्र कमी पडलं की दोन्ही कमी होतात. म्हणून हिरवेपणा बघून नत्राचा अंदाज लागतो. अंदाज, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

प्रश्न : आमच्या गव्हात सरासरी ४१ आली. हे चांगलं की वाईट? युरिया द्यायचा का?

जवळजवळ प्रत्येक पत्रात हाच प्रश्न आहे, फक्त आकडा वेगळा, कुणाचा ३७, कुणाचा ४४. आणि नुसत्या ४१ वरून मी काहीच सांगू शकत नाही. टाळतोय असं समजू नका, त्या आकड्यात खरंच तेवढी माहिती नसते. बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांत गव्हासाठी ४० ते ४५ च्या आसपासची मर्यादा सुचवलेली दिसते, पण ती त्या वाणाची, त्या अवस्थेची, त्या पानाची असते. एखाद्या फिकट पानाच्या वाणाला ४१ म्हणजे पोट भरलेलं, आणि गडद वाणाला तेच ४१ म्हणजे उपाशी.

त्यासाठी उपाय आहे आणि तो मीटर विकत घेण्यापेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे. शेतातच एक पट्टा असा ठेवायचा की ज्याला नत्र कधीच कमी पडणार नाही. पेरणीच्या वेळी किंवा फुटवे यायच्या आधी त्या पट्ट्याला बाकी शेतापेक्षा साधारण दीडपट नत्र द्यायचं, बाकी सगळं तेच, तोच वाण, तीच पेरणीची तारीख, तेवढंच पाणी. पट्टा शेताच्या बांधावर नको, आतल्या बाजूला हवा, आणि शेतात दोन प्रकारची माती असेल, एकीकडे भारी एकीकडे हलकी, तर दोन पट्टे. मग वरखत द्यायची वेळ आली की दोन्हीकडची सरासरी काढायची, शेताच्या आकड्याला पट्ट्याच्या आकड्याने भागायचं आणि शंभरने गुणायचं.

समजा पट्ट्यात ४५ आले आणि शेतात तुमचे ४१, तर ४१ भागिले ४५, म्हणजे ९१ टक्के. पीक मागे पडलंय, नत्र द्या. पण पट्ट्यातच ४२ आले असतील तर तेच ४१ म्हणजे जवळपास ९८ टक्के, म्हणजे पिकाला आत्ता काही कमी नाही, थांबा आणि आठ-दहा दिवसांनी परत बघा. ९५ टक्के ही रेघ सर्वसाधारणपणे धरली जाते, ती आधी मक्याच्या कामातून आली, अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि नंतर गव्हालाही तशीच वापरायला लागले.

या पद्धतीत मला आवडते ती गोष्ट अशी की वाण, थंडी, ढगाळ हवा, यंत्राचा थोडाफार फरक, हे सगळं दोन्ही बाजूंना सारखंच लागू होतं त्यामुळे भागाकारात निघून जातं, आणि उरतो तो बराचसा नत्राचाच फरक. नुसत्या आकड्यावर खत देणं म्हणजे ताप आलाय का ते थर्मामीटर न लावता दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून ठरवण्यासारखं आहे.

आणि किती द्यायचं, हे मीटर सांगत नाही. तो "आता हवंय" किंवा "आता नको" एवढंच सांगतो. एकूण मात्रा माती परीक्षण, आधीचं पीक आणि अपेक्षित उत्पादन यावरून आधीच ठरवायची, तिचे हप्ते पाडायचे, आणि मीटरने हप्त्याची वेळ ठरवायची किंवा शेवटचा हप्ता वाचवायचा. ज्यांना मात्राही शेतातच बघायची आहे त्यांनी एका पट्ट्याऐवजी शेजारी शेजारी चार-पाच छोटे पट्टे करावेत, प्रत्येकात नत्र थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि कुठल्या पट्ट्यापुढे हिरवेपणा वाढायचा थांबला ते बघायचं.

प्रश्न : यावर्षी पट्टा केलाच नाही. आता काही करता येईल का?

फुटव्यांची अवस्था असेल तर आजच करा, एका पट्ट्यात नत्र द्या, पाणी द्या, दहा-पंधरा दिवसांनी तुलना करा. कांडी धरून पीक पुढे गेलं असेल तर यावर्षी डोळे आणि अनुभव, पट्टा पुढच्या पेरणीला.

प्रश्न : एकाच शेतात सकाळी ४३ येतात, दुपारी ३९, आणि माझा भाऊ मोजतो तेव्हा ४५. यंत्र खराब आहे का?

यंत्र बहुतेक ठीक असेल, मोजण्यात फरक पडतोय. मी यात स्वतः चुकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मीटर हातात आला त्या पहिल्याच हंगामात मी वरचं कोवळं, अजून सुरळी न उलगडलेलं पान धरून मोजत होतो, कारण ते हाताशी येतं. आकडे कमी आले, मी घाबरलो आणि जास्तीचं नत्र दिलं. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरत असतं, ते कमी दाखवणारच, पिकाला काही कमी नव्हतं. पुढे दाणे भरताना वारा आला आणि तो तुकडा सपाट लोळला, कापणीला दुप्पट वेळ गेला आणि दाणा बारीक राहिला. त्या दिवसापासून पान कुठलं धरायचं यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

तर पान धरायचं ते वरून पहिलं पूर्ण उघडलेलं, म्हणजे पात्याचा आणि खोडाला गुंडाळलेल्या भागाचा सांधा ज्याचा बाहेर दिसतोय असं. ध्वजपान, म्हणजे ओंबीच्या खालचं शेवटचं पान, पूर्ण उघडलं की मग तेच धरायचं. पात्याच्या बुडापासून टोकापर्यंतच्या साधारण मध्यावर मोजायचं, कारण बुडाशी आणि टोकाला आकडे वेगळे येतात. मधली शीर टाळायची, कडाही टाळायची. गव्हाचं पान अरुंद, त्यात लहान वयात तर फारच, त्यामुळे खिडकी पूर्ण झाकली गेली का हे प्रत्येक वेळी बघावं लागतं, अर्धी उघडी राहिली तर आकडा काहीही येईल. दव असेल तर पान पुसून घ्या किंवा दव उडेपर्यंत थांबा. किडीने खाल्लेलं, तांबेऱ्याचे ठिपके असलेलं, चिखल लागलेलं पान सोडून द्या.

सकाळ-दुपारचा फरक खरा असतो. कडक उन्हात पानातली हरितलवकं पेशीच्या कडेकडेला सरकतात, स्वतःला उन्हापासून वाचवायला, मग मधून जास्त प्रकाश आरपार जातो आणि आकडा खाली येतो, हरितद्रव्य तेवढंच असलं तरी. म्हणून वेळ ठरवून घ्या, आणि पट्टा आणि शेत दोन्ही एकाच फेरीत मोजा, पट्टा सकाळी आणि शेत दुपारी असं कधीच करू नका.

एका जागेसाठी किमान २० ते ३० पानं. एन-टेस्टर नावाचा जो मीटर आहे तो तर ३० मोजण्या झाल्याशिवाय आकडाच देत नाही, आणि मला ते पटतं. शेतात तिरकं चालत जायचं, दर काही पावलांवर समोर येईल ते झाड घ्यायचं, हिरवंगार दिसतंय म्हणून निवडायचं नाही आणि पिवळं दिसतंय म्हणूनही नाही. तुमच्या भावाचे ४५ बहुतेक असे आले असतील, माणूस नकळत चांगलंच पान धरतो. शक्यतो एका हंगामात एकानेच मोजावं. आणि हो, यंत्र चालू केलं की आधी मधे पान न धरता जबडा एकदा दाबायचा असतो, शून्य जुळवायला, ते विसरू नका.

प्रश्न : दोन वाण शेजारी शेजारी आहेत, खत सारखं, पण एकात कायम चार आकडे जास्त. कमी असलेल्याला जास्त खत द्यावं का?

नाही. तो वाणाचा रंग आहे. प्रत्येक वाणाची तुलना त्याच्याच पट्ट्याशी.

प्रश्न : आकडा कमी होता म्हणून दोनदा युरिया दिला तरी वाढला नाही, उलट वरची पानं जास्तच पिवळी दिसतायत. काय चुकलं?

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे ताई, "वरची पानं". नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. तुमच्याकडे वरून सुरू झालाय, म्हणजे कमी पडलेली गोष्ट अशी आहे जी झाडात सहज हलत नाही. पहिला संशय गंधकावर. गंधकाच्या कमतरतेत पूर्ण पान फिकट होतं, तेही नवं पान, आणि मीटर ते बरोब्बर "कमी" दाखवतो पण नत्र कमी की गंधक कमी हे त्याला कळत नाही. वर युरिया ओतला की नत्र-गंधकाचं प्रमाण आणखी बिघडतं, कदाचित म्हणूनच पिवळेपणा वाढला. लोह कमी असेल तर नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, अशा रेघा दिसतात, चुनखडीच्या जमिनीत हे जास्त. मॅग्नेशियम मात्र जुन्या पानात दिसतं, नत्रासारखंच खालून, पण पान एकसारखं पिवळं न होता त्यात हिरवे ठिपके मण्यांसारखे राहतात.

मीटर इथे एका पद्धतीने उपयोगी पडतो. एकाच झाडाचं वरचं पान आणि वरून तिसरं पान मोजा, वीस झाडांवर. तिसरं पान वरच्यापेक्षा बरंच खाली असेल तर नत्र, वरचंच खाली असेल तर गंधक किंवा लोह असा कौल मिळतो. ही तुलना एकाच झाडात असल्याने वाणाचा त्रासही कमी होतो. मग खात्रीसाठी दोन छोटे तुकडे करा, एकात फक्त युरिया, दुसऱ्यात युरिया आणि जिप्सम, ज्यात गंधक असतं, पाणी द्या आणि दोन आठवड्यांनी बघा कोण हिरवं झालं. सोबत पानांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला तर फारच चांगलं.

पण त्याच्याही आधी एक करा, झाड मुळासकट उपटून बघा. पाणी साचून मुळं तपकिरी पडली असतील, वास येत असेल, तर जमिनीत नत्र, गंधक सगळं असूनही मुळांना उचलता येत नाही. वाफसा येऊ द्या, आकडा आपोआप चढतो. तांबेरा, मावा, मुळकूज, कडाक्याची थंडी, या सगळ्यांनी पान पिवळं पडतं आणि या सगळ्यांत मीटर तोच एक कमी आकडा दाखवतो. पिवळेपणाचं कारण शोधायला डोळे आणि खुरपं लागतं, ते काम मीटरवर टाकू नका.

प्रश्न : आमचे ५२ येतात, पट्ट्यातही ५२. आणखी एक हप्ता दिला तर ५५ होतील का? उत्पादन वाढेल ना?

बहुधा आकडा वाढणारच नाही. हरितद्रव्य एका मर्यादेपर्यंत नत्रासोबत वाढतं, त्यापुढे झाड जास्तीचं नत्र नायट्रेटच्या किंवा इतर रूपात नुसतं साठवून ठेवतं, पान त्याहून हिरवं होत नाही. म्हणजे हा मीटर कमतरता चांगली पकडतो, जादा झालेलं त्याला दिसत नाही, आणि त्यामुळे ५२ वर समाधान मानून थांबणं हाच त्याचा योग्य वापर आहे. पुढचं नत्र लोळण्यात जाईल, भुरी आणि तांबेऱ्याला आमंत्रण देईल, पीक पिकायला उशीर करेल आणि उरलेलं पाण्यासोबत नायट्रेट होऊन खाली झिरपेल. थोडं नायट्रस ऑक्साईड बनून हवेत जातं, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. १९९९ मध्ये जगभरच्या तृणधान्यांचा हिशोब मांडला गेला होता, त्यात दिलेल्या नत्रापैकी जेमतेम ३३ टक्के दाण्यात पोहोचतं असं निघालं. हे वाचल्यापासून मला जास्तीच्या हप्त्याचा विचार फार जड वाटतो.

प्रश्न : स्फुरद आणि पालाशचं काय? तेही मीटरवर कळतं का?

नाही. स्फुरद कमी असलेला गहू उलट गडद हिरवा, कधी जांभळट दिसतो, पान वाढत नाही म्हणून हरितद्रव्य दाटतं, आणि आकडा फसवा चांगला येऊ शकतो. पालाशची कमतरता जुन्या पानांच्या टोकांवर आणि कडांवर करपल्यासारखी दिसते, मीटर मध्यावर लावला तर पत्ताच लागत नाही. या दोन्हींसाठी माती परीक्षण.

प्रश्न : मी कृषी शाखेची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पात एसपीएडी आणि पानातलं नत्र यांचा आलेख काढला, पण बिंदू सगळे विखुरलेत, संबंध फारच कमजोर येतोय. मार्गदर्शक म्हणतात मोजण्यात चूक आहे.

चूक असेलच असं नाही, तुमचा आलेख बहुधा दोन वेगवेगळ्या भाषा एकत्र करतोय. एसपीएडी हा पानाच्या क्षेत्रफळावरचा आकडा आहे, एवढ्या चौरस जागेत किती हरितद्रव्य. प्रयोगशाळेत तुम्ही नत्र काढलं असणार कोरड्या वजनाच्या टक्क्यांत, केल्डालच्या पद्धतीने, जी १८८३ पासून चालत आलीय. आता जाड पान आणि पातळ पान यांचे टक्के सारखे असले तरी जाड पानात दर चौरस सेंटीमीटरला नत्र जास्त असतं, आणि उन्हातली पानं जाड होतात, दाटीतली पातळ. म्हणून पानाचं क्षेत्रफळ मोजा, मग वाळवून वजन करा, आणि नत्र दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये मांडा. बिंदू बरेचसे रांगेत येतील असं मला वाटतं.

दुसरं, तुम्ही फुटव्यांपासून ओंबी निसवेपर्यंतचे सगळे नमुने एकाच आलेखात टाकलेत. पीक वाढतं तसं त्यातल्या नत्राची टक्केवारी उतरतच जाते, कमतरता नसतानाही, कारण खोड आणि आधार देणारे भाग वाढतात ज्यांना नत्र कमी लागतं. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये हिवाळी गव्हासाठी याची वक्ररेषा काढली गेली, त्यानुसार जमिनीवरच्या पूर्ण पिकात लहान वयात ४.४ टक्के नत्र लागतं, हेक्टरी ५ टन कोरडं वजन झालं की साधारण २.६ टक्के पुरतं, आणि १० टनांना १.९. म्हणजे २.६ टक्के हा आकडा एका वयात उपासमार आणि दुसऱ्या वयात बरोबर. प्रत्येक अवस्थेचा आलेख वेगळा काढा. अवस्था झाडोक्सच्या मापावर, म्हणजे पिकाच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्याला क्रमांक देणाऱ्या मापावर लिहा, ते १९७४ चं आहे आणि सगळीकडे समजतं, "पेरणीनंतर ४५ दिवस" याला दुसऱ्या हवामानात अर्थ नाही.

तिसरं, सरळ रेघच यायला हवी हा हट्ट सोडा. हरितद्रव्य पानात एकसारखं पसरलेलं नसतं, लवकांच्या पुंजक्यांत असतं आणि मधून प्रकाश निसटतो, शिवाय पानाच्या आत तो विखुरतो, त्यामुळे गडद पानांत मीटर आणि खरं हरितद्रव्य यांचं नातं वाकडं होतं. ते तपासायचं तर ८० टक्के ॲसिटोनमध्ये अर्क काढून ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरवर वाचा, आर्नन यांची १९४९ ची पद्धत, अंधारात आणि थंड ठेवून, कारण उजेडात आणि आम्लात हरितद्रव्य मोडतं. आणि ज्या पानावर मीटर लावला तेच पान कुपीत गेलं पाहिजे. शेतात मीटर एका झाडावर आणि नमुना दुसऱ्या झाडाचा, हे मी इतक्या प्रकल्पांत पाहिलंय की आधी तेच विचारतो.

एक गोंधळ तुमच्या पत्रात दिसला म्हणून सांगतो, क्लोरोफिल फ्लुरोसन्स ही वेगळी मोजणी आहे. त्यात हरितद्रव्य किती आहे ते नाही, तर घेतलेला प्रकाश ते कसं वापरतंय ते कळतं, अंधारात ठेवलेल्या निरोगी पानात ते मूल्य ०.८३ च्या आसपास येतं. नत्र बरंच कमी होईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून खताच्या निर्णयाला तो घेऊ नका.

प्रश्न : मीटर परवडत नाही. पानांच्या रंगाचा तक्ता किंवा मोबाईलचं ॲप चालेल का?

तक्ता नक्की चालेल. हा तक्ता मुळात भातासाठी रुजला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो बराच पसरवला, आणि गव्हालाही वापरतात. पान तक्त्यावर ठेवून रंग जुळवायचा, स्वतःच्या सावलीत, कारण थेट उन्हात रंग फिकट दिसतो. दहा पानं बघा, त्यातली सहा किंवा जास्त ठरलेल्या रंगापेक्षा फिकट असतील तर नत्राची वेळ झाली. गव्हाच्या कुठल्या वाणाला कुठला रंग हे तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत बघा. बारीक फरक तक्त्यावर कळत नाही, पण शेजारी नत्राचा पट्टा असेल तर तक्ताही मीटरच्या जवळ जातो, आणि पट्टा नसलेल्या मीटरपेक्षा पट्टा असलेला तक्ता मला जास्त भरवशाचा वाटतो.

मोबाईलबाबत मी सध्या सावध आहे. कॅमेरा स्वतःहून उजेड आणि रंग जुळवून घेतो, ढग आला की तेच पान वेगळं दिसतं. वापरायचंच असेल तर पानामागे पांढरा कागद धरून, सावलीत, आणि पुन्हा पट्ट्याशी तुलना करूनच.

प्रश्न : उपग्रहाचा एनडीव्हीआय फुकट मिळतो, मग पान धरून कशाला फिरायचं?

दोन्ही वेगळी माहिती देतात. एनडीव्हीआय म्हणजे उपग्रहाच्या चित्रातून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक. त्याला वरून दिसतो तो सगळा हिरवा गालिचा, त्यात पानांचा रंग आणि पानांची संख्या दोन्ही मिसळलेले असतात. उगवण विरळ झाली असेल तर एनडीव्हीआय कमी येईल, पण त्या झाडांचं पोट भरलेलं असू शकतं, तिथे नत्र देऊन काय होणार? आणि पीक दाट झालं, जमीन झाकली गेली की एनडीव्हीआय वर जाऊन बसतो आणि मग हलत नाही, नेमका तेव्हाच जेव्हा आपल्याला ध्वजपानाचं कळायला हवं असतं. त्यासाठी लाल आणि अवरक्त यांच्या मधला प्रकाशाचा पट्टा, साधारण ७०० ते ७५० नॅनोमीटरचा, जास्त उपयोगी, त्यावरचा एनडीआरई नावाचा निर्देशांक बघा. सेंटिनेल-२ उपग्रह हे पट्टे २० मीटरच्या चौकोनात देतो, दर पाच दिवसांनी, ढग नसतील तर. २० मीटरचा चौकोन लहान शेताला मोठा पडतो, बांध, झाडं, शेजारचं पीक सगळं त्यात येतं.

मी दोन्ही वापरतो, चित्रावरून कुठला कोपरा वेगळा दिसतोय ते ठरवतो आणि मीटर घेऊन त्या कोपऱ्यात जातो. बरेचदा तिथे नत्राचं काहीच नसतं, पाणी पोहोचलेलं नसतं.

प्रश्न : फुलोऱ्यात ध्वजपान मोजून दाण्यातलं प्रथिन सांगता येतं का? आणि एका वाणाची पानं दाणे भरताना लवकर पिवळी पडतात, तो वाण टाकून द्यावा का?

फुलोऱ्यातला ध्वजपानाचा आकडा आणि दाण्यातलं प्रथिन यांचा संबंध आहे, एकाच वाणात तर चांगलाच, कारण दाण्यात जाणारं बहुतांश नत्र फुलोऱ्याआधीच झाडाने गोळा केलेलं असतं आणि नंतर पानं रिकामी होऊन ते दाण्यात जातं. त्या वेळी आकडा पट्ट्याच्या मागे असेल तर उशिरा दिलेलं थोडं नत्र उत्पादन फार वाढवत नाही, प्रथिन मात्र वाढवू शकतं. अर्थात जमिनीत ओल असेल तरच.

लवकर पिवळं पडण्याबद्दल मात्र घाई करू नका. २००६ मध्ये गव्हाच्या जंगली नातेवाइकातून, रानटी एमरमधून, एक जनुक ओळखलं गेलं, एनएएम-बी१, आणि त्याचं काम नेमकं हेच आहे, पानं लवकर पिकवायची आणि त्यातलं नत्र, जस्त, लोह दाण्यात पाठवायचं. संशोधकांनी या गटातल्या जनुकांचं काम दाबून बघितलं तेव्हा पानं तीन आठवड्यांहून जास्त हिरवी राहिली, पण दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह तीस टक्क्यांहून जास्त घटलं. म्हणजे शेवटपर्यंत हिरवं राहणारं पान दरवेळी चांगलंच असतं असं नाही, आणि चिकाच्या अवस्थेनंतर, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरून झाल्यावर, मीटरचा आकडा घसरला तर ती कमतरता समजू नका, झाड आपलं काम करतंय. वाण ठरवताना दाण्याचं वजन आणि प्रथिन बघा. पण फुलोऱ्याच्या आधीच पिवळं पडत असेल तर ते वेगळं, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे मुळं उपटून बघा.

प्रश्न : युरिया दिल्यावर किती दिवसांनी परत मोजायचं?

आठ ते दहा दिवस जाऊ द्या, थंडी असेल तर आणखी थोडे. युरिया आधी जमिनीत विरघळून अमोनियम व्हायला हवा, मग मुळांनी उचलायला हवा, मग पानात हरितद्रव्य बनायला हवं. ओल नसेल तर तो वरच राहतो आणि अमोनिया होऊन उडतो, मग पंधरा दिवसांनीही आकडा हलणार नाही. तिसऱ्या दिवशी मोजून "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा हप्ता टाकलेली दोन पत्रं यावेळी आली आहेत. त्या दोघांनीही आता खत थांबवावं, पाणी बेताने द्यावं, आणि पुढच्या आठवड्यात पट्टा आणि शेत दोन्हीचे आकडे मला पाठवावेत.